कुंडलिकेच्या काठाने रेवदंड्याकडे

कोकणातील नद्यांचे आयुष्य थोडे. सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरल्यावर वीस-बावीस कोसांच्या आत त्यांना समुद्र गाठतो. परंतु समुद्राला भेटण्यापूर्वी त्या रुंदावतात, संथ होतात आणि खाडीचे रूप धारण करतात. गोडे पाणी आणि खारे पाणी तेथे दिवसातून दोनदा एकमेकांच्या घरी जाते. माणसांचेही तसेच होते. घाटावरचा माल आणि समुद्रापलीकडचा माणूस यांची पहिली भेट खाडीकाठीच झाली. रायगड जिल्ह्याचा इतिहास आपण सहसा गडांवरून वाचतो. तो खाड्यांच्या काठानेही वाचता येतो.

या जिल्ह्याच्या मध्यभागी अशा दोन खाड्या आहेत. दक्षिणेकडची राजपुरीची खाडी जंजिऱ्यापासून आत शिरून थेट मांदाडपर्यंत जाते. तिच्या काठच्या डोंगरात, आजच्या तळा तालुक्यात, कुड्याची बौद्ध लेणी कोरलेली आहेत. उत्तरेकडची कुंडलिकेची खाडी रेवदंड्यापासून रोह्याच्या दिशेने आत जाते. या दोन पाणवाटांच्या दरम्यानच्या डोंगराळ मुलखावर नजर ठेवण्यासाठी तळ्याचा आणि घोसाळ्याचा असे दोन किल्ले उभे राहिले. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना बहुतेक किल्ले मोगलांना द्यावे लागले. जे बारा त्यांनी स्वतःकडे राखले, त्यांत तळा आणि घोसाळा हे दोन्ही होते. खाड्यांकडे जाणाऱ्या वाटांचे मोल महाराजांनी नेमके जाणले होते, हे त्यावरून दिसते.

कुड्याच्या लेण्यांविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग होईल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत स्थानिक महाभोज घराण्याशी संबंधित मंडळी आहेत. पण त्यांच्याबरोबर एक लेखक आहे, वैद्याचे कुटुंब आहे, माळी आहे, भिक्षुणी आहे, आणि त्या काळी करहाकड म्हटल्या जाणाऱ्या कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. काहींनी आपल्या पत्नीचे आणि मुलांचेही नाव घातले आहे. आपल्या देवळांत बाकांवर किंवा खिडक्यांखाली दात्यांच्या पाट्या असतात, त्यांची आठवण व्हावी असे ते लेख आहेत. दगडावर नाव कोरून घेण्याइतकी ऐपत आणि मान ज्यांना होता, ते अशा रीतीने उरले. ज्यांना तो नव्हता, त्यांचे काय उरते? या प्रश्नाचे एक उत्तर उत्तरेकडच्या खाडीवर आहे. ते पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही कोर्लई गावापासून रेवदंड्याच्या बाजारापर्यंत पायी जाण्याचे ठरविले.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे काशीदच्या किनाऱ्याला किंवा मुरूडला जाताना हा रस्ता मोटारीने तोडतात. साळावचा पूल, डाव्या हाताच्या टेकडीवरचे बिर्लांनी बांधलेले गणेशमंदिर, मग उजव्या बाजूची खाडी आणि समुद्रात घुसलेली कोर्लईची टेकडी, हे सारे दहा-पंधरा मिनिटांत मागे पडते. पायी जाणाऱ्याला मात्र दीड-दोन तास लागतात. आम्ही उलट्या दिशेने, म्हणजे कोर्लईहून निघालो. पूर्वीच्या कोर्लईकराची वाट हीच होती: घर इकडे आणि बाजार तिकडे.

कोर्लईचे आपले मंदिर माऊंट कार्मेलच्या पवित्र मातेला वाहिलेले आहे. सकाळची मिस्सा आटोपून माणसे अंगणात रेंगाळली होती. थंडीचे दिवस, ऊन कोवळे, कोणालाच घरी जाण्याची घाई नव्हती. दोन वयस्क बाया एकमेकींशी बोलत होत्या. कान देऊन ऐकले तर हेल अगदी आपल्या मराठीचा, पण शब्द पकडता येईनात. जवळच्या एका लहान मुलाला त्यांतील एकीने काही विचारले. मुलाने मान न वळवता मराठीत उत्तर दिले, "नको गं आज्जी, मग जातो." आजीचा प्रश्न एका भाषेत आणि नातवाचे उत्तर दुसऱ्या भाषेत. दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु या दोन वाक्यांच्या मध्ये पाचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

आजीची ती भाषा म्हणजे 'नौ लिंग'. बाहेरचे अभ्यासक तिला कोर्लईची पोर्तुगीज किंवा क्रेओल म्हणतात. बोलणाऱ्यांनी दिलेले नाव साधे आहे. पोर्तुगीजमधील 'नोस' म्हणजे आम्ही आणि 'लिंग्वा' म्हणजे जीभ किंवा भाषा. त्यांवरून 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा. हजाराच्या आसपास माणसे ती बोलतात, आणि जवळजवळ सारी या एका गावची.

गाव सोडून रस्त्याला लागलो तेव्हा खाडी डाव्या हाताला होती आणि सूर्य समोर. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अजून पडला नव्हता. ओहोटीमुळे काठाचा चिखल उघडा पडला होता. तिवरांच्या मुळांपाशी बगळे एका पायावर ध्यानस्थ उभे होते. भाताची कापणी केव्हाच झाली होती आणि खाचरांत वाल हिरवागार झाला होता. शेंगा भरल्या की या बाजूला घरोघर पोपटीचा बेत होतो: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरायच्या, मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा. कोर्लईची ख्रिस्ती मंडळी मूळची शेतकरी. त्यांच्या शेजारी समुद्रावर जगणारे कोळी आहेत. रस्त्याच्या कडेला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि त्यांचा वास वाऱ्याबरोबर खाडीवर जात होता.

मागे वळून पाहिले की टेकडीवरचा किल्ला दिसतो. हत्ती समुद्रात पाण्याला गेला असावा, तशी ती टेकडी. किल्ला सुमारे साडेआठशे मीटर लांब आणि सरासरी तीस मीटरांहूनही कमी रुंद, म्हणजे डोंगराच्या कण्यावर बसविलेली एक चिंचोळी पट्टीच. पोर्तुगीज त्याला 'मोरो' म्हणत. नदीच्या मुखाशी येणारे प्रत्येक जहाज त्याच्या तोफांच्या टप्प्यातून जाई.

या मुखाचा लोभ पुष्कळांना होता, कारण आत चौल होते. ग्रीक आणि अरब लेखकांनी फार प्राचीन काळापासून या बंदराची नोंद केली आहे; कान्हेरीच्या लेखांत त्याचे नाव 'चेमुल' असे येते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने चौलला उतरला. रशियातील त्वेर गावाहून व्होल्गा नदीमार्गे निघालेल्या या गृहस्थाने आपल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले. वास्को द गामाच्या आधी भारतात येऊन लिहिणाऱ्या थोड्या युरोपियनांपैकी तो एक. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आज त्याचा स्मारकस्तंभ आहे.

समोर जे संथ पाणी दिसत होते, त्याच पाण्यात मार्च १५०८ मध्ये मोठी लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द अल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेंसु आपल्या गलबतांसह येथे नांगर टाकून होता. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि दीवचा मलिक अयाझ आपल्या नौकांसह त्याच्यावर चालून आला. माघार घेताना लोरेंसुचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खुंटांत अडकले, असे पोर्तुगीज बखरकार लिहितात. पायाला गोळा लागल्यावर तो डोलकाठीपाशी बसून हुकूम देत राहिला आणि तेथेच पडला. पुढच्याच वर्षी त्याच्या बापाने दीवच्या लढाईत सूड घेतला आणि हिंदी महासागरावर पोर्तुगीजांची सत्ता बसली. साम्राज्यांच्या या झुंजीत चौलच्या कोळ्यांचा कोणताच पक्ष नव्हता. पण त्यांच्या खुंटांनी त्या दिवशी आपला भाग उचलला. त्यांतील एकाही कोळ्याचे नाव बखरीत नाही.

पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी नदीच्या उत्तर काठावर कोट बांधण्यास आरंभ केला. निजामशाहीला घोडे हवे होते आणि ते समुद्रावरून येत. समुद्रावर पोर्तुगीजांचे राज्य होते. गरज दोन्हीकडून होती. यातून दोन चौल तयार झाली: आत निजामशाहीचे वरचे चौल आणि मुखाशी पोर्तुगीजांचे खालचे चौल, म्हणजे आजचा रेवदंडा. या शहराचे रेशमी कापड आणि कारागिरी यांची प्रशंसा सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांनी केली आहे. मैत्री मात्र टिकली नाही. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. कित्येक महिन्यांच्या झुंजीनंतर १५७१ मध्ये तह झाला. पुढे निजामशहाने कोर्लईची टेकडी मजबूत करून नदीचे मुखच रोखले, तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती टेकडीही जिंकली. तेव्हापासून नदीचे दोन्ही काठ त्यांच्या हाती आले.

सैनिक आले तसे धर्मगुरूही आले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय, ऑगस्टिनियन अशा संघांची मंदिरे आणि मठ रेवदंड्याच्या कोटात उभे राहिले. आपण हा इतिहास वाचताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. शुभवर्तमान आणि तोफा त्या काळी एकाच गलबतातून आल्या, आणि तोफांच्या सावलीत दिलेल्या शिकवणुकीवर त्या सावलीचे डाग पडल्यावाचून राहिले नाहीत. परंतु ज्यांनी ती शिकवण स्वीकारली, त्यांच्या मनात काय होते हे सत्ताधाऱ्यांच्या कागदांवरून कळत नाही. ते कळते त्यांनी पुढे काय केले यावरून.

चालता चालता साळाव जवळ आले. उजव्या हाताला १९९० च्या दशकात उभारलेला पोलादी उद्योगाचा कारखाना. त्याची मालकी पुढे बदलत गेली, पण धुराडी तीच आहेत. डाव्या हाताला धक्का आणि बार्जा. खाडी येथे पुरेशी रुंद आहे. तिच्यातील गोड्या पाण्याचा एक भाग घाटावरचा आहे, हे सांगितल्यास काही वाचकांना नवल वाटेल. पुणे जिल्ह्यातील मुळशी धरणाचे पाणी वास्तविक पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात जायचे. १९२७ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या भिऱ्याच्या वीजगृहातून ते कड्याखाली येते आणि कुंडलिकेला मिळते. त्या धरणाखाली गेलेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी केलेला १९२१ चा मुळशी सत्याग्रह आपण शाळेत शिकलो. वीज मुंबईला गेली. ज्यांची शेते बुडाली, त्या मावळ्यांची नावे थोड्यांनाच ठाऊक आहेत.

आमच्याबरोबर कोर्लईचे एक शेतकरी रेवदंड्यापर्यंत येत होते. हातात पिशवी, डोक्याला मफलर. पुलाच्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "फादर, हा पूल झाला तेव्हा आम्ही ऐन उमेदीतले. त्याआधी होडी. भरती-ओहोटी बघून निघायचं. बाया भाजीच्या पाट्या घेऊन जायच्या नि बाजार उठला की परत. पावसाळ्यात कधी कधी दोन-दोन दिवस पलीकडे जाता यायचं नाही."

१९८० च्या दशकात बांधलेल्या या पुलाने कोर्लईला अलिबागशी आणि पर्यायाने मुंबईशी जोडले. नदी आजही तालुक्यांची सीमा आहे: दक्षिणेस मुरूड, उत्तरेस अलिबाग. त्यापूर्वी ती यापेक्षा पुष्कळ मोठी सीमा होती. तिनेच एक भाषा राखली.

ते कसे, हे पाहण्यासाठी १७४० सालाकडे वळले पाहिजे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हा इतिहास आपल्या वसईकर वाचकांच्या घरचा आहे. पोर्तुगीजांचा उत्तरेकडील प्रांत त्यामुळे कोसळला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे गेली. अधिकारी, शिपाई, संघांचे धर्मगुरू आणि ज्यांच्याजवळ जहाजाचे भाडे होते ती घराणी गोव्याकडे निघून गेली. मागे कोण राहिले? जमीन कसणारे, पडेल ते काम करणारे, साहेबांच्या घरी राबलेले, ज्यांना जायला दुसरा देश नव्हता ते. सत्ता गेली, सरकारी आश्रय गेला, रेवदंड्याचे मठ ओस पडले. बाप्तिस्म्यामुळे मिळणारा ऐहिक लाभ जर काही असेल तर तो त्या दिवशी संपला. तरीही ही माणसे ख्रिस्ती राहिली. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेणाऱ्याने हे वर्ष लक्षात ठेवावे.

श्रद्धेबरोबर त्यांनी भाषाही राखली. मालकांची पुस्तकी पोर्तुगीज ती नव्हे. मालक आणि नोकर, शिपाई आणि बायको, धर्मगुरू आणि शिकणारे मूल यांच्या रोजच्या व्यवहारात घडलेली ती बोली. मागे समुद्र, समोर खाडी, एका अंगाला डोंगर. विवाह गावातल्या गावात. मिस्सेला येणारे धर्मगुरू विसाव्या शतकापर्यंत बहुधा गोव्याकडचे, पोर्तुगीज जाणणारे. या कुंपणात बोली टिकली आणि हळूहळू मराठीच्या ओलीने वाढलीही. इंडियाना विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईत राहून तिचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासातून एक सुंदर गोष्ट पुढे आली. पोर्तुगीज माणूस आधी क्रियापद सांगतो आणि मग कर्म: मी खातो भात. कोर्लईच्या बोलीने कालांतराने मराठीची रचना पत्करली: मी भात खातो. शब्द लिस्बनचे आणि वाक्य रायगडचे. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर तिने एक वेगळा गणच तयार केला. पाहुण्यांसाठी घरात एक खोली राखून ठेवावी, तसा.

अशी बोली एकट्या कोर्लईत होती असे नाही. मुंबई आणि तिच्या परिसरातील ख्रिस्ती वस्त्यांतही तिच्या बहिणी बोलल्या जात. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो (१८५५–१९२२) यांनी १९०६ मध्ये या उत्तरेकडच्या बोलींवर प्रबंध लिहिला. शंभर वर्षांत त्या मुंबई परिसरातून मावळल्या. कोणी मराठीकडे वळले, कोणी इंग्रजीकडे. दाल्गादो यांनी लिहून ठेवले नसते तर त्या होत्या याची आज आपल्याला नीटशी कल्पनाही आली नसती. कोर्लईची बोली उरली, कारण तिच्यापर्यंत रस्ता पोहोचला नव्हता.

पूल ओलांडताना डाव्या हाताला नदीचे मुख आणि त्यापलीकडे उघडा समुद्र दिसतो. ऊन आता चांगलेच वर आले होते. भरती लागली होती आणि मचवे बंदराकडे येत होते. पलीकडे रेवदंड्याच्या नारळी-पोफळींची गर्द रांग, आणि तिच्यातून कोठे कोठे डोके वर काढणारा काळा दगड. कोटाची तटबंदी सबंध गावाला वेढून आहे. आत बाजार, वाड्या, शाळा, देवळे, मशिदी सारे काही नांदते. आपल्या बेने इस्रायली बांधवांचे प्रार्थनामंदिरही या गावात आहे. तेल गाळणारे आणि शब्बाथ पाळणारे म्हणून ज्यांना कोकण 'शनिवार तेली' म्हणे, त्या समाजानेही शतकानुशतके मराठी बोलत आपला धर्म राखला. चौलच्या मातीला ही सवयच आहे.

वाड्यांतून वाट काढीत आम्ही फ्रान्सिस्कनांच्या मंदिराच्या मनोऱ्यापाशी आलो. गावकरी त्याला सातखणी बुरूज म्हणतात. वरचे मजले ढासळले आहेत, तरी उरलेला मनोरा माडांच्या शेंड्यांवर मान काढून उभा आहे. जवळच डोमिनिकनांच्या मंदिराचे अवशेष आहेत; छताच्या कमानीचा काही भाग अजून तग धरून आहे आणि भिंतींच्या सांध्यांतून पिंपळ उगवले आहेत. मुंबईत वैद्यकी करणारे गोमंतकीय पंडित जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसई यांच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. इमारतींच्या त्यांनी केलेल्या नोंदी आज आपल्याला मार्गदर्शक ठरतात. दरवाजांवर राजचिन्हे आहेत, लेख आहेत, किल्लेदारांची आणि राजांची नावे आहेत. ज्यांनी दगड वाहिला, चुना मळला, त्या मंदिरांत गुडघे टेकले आणि पुढे ती ओस पडल्यावरही प्रार्थना सोडली नाही, त्यांचे नाव कोठेही नाही. कुड्याच्या माळ्याला जे लाभले, ते कोर्लईच्या शेतकऱ्याला लाभले नाही.

त्याचा शिलालेख सकाळी मंदिराच्या अंगणात आम्ही ऐकला होता. दगडावर नाव कोरण्याची ऐपत नव्हती त्यांनी आपल्या मुलांच्या जिभेवर काही कोरून ठेवले. राजचिन्हे वाचायला आज तज्ज्ञ लागतो. तो दुसरा लेख काल-परवापर्यंत गावातले प्रत्येक मूल वाचत होते.

आता मात्र तो पुसट होऊ लागला आहे, आणि त्याचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. पूल हवाच होता. आजारी माणसाला भरतीची वाट पाहायला लावणे हे काही संस्कृतिरक्षण नव्हे. शाळा मराठी, हेही योग्यच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि आपण मराठीत प्रार्थना करू लागलो. आमच्या पिढीच्या धर्मगुरूंना याचा सार्थ अभिमान आहे. मराठी ही आपल्या हृदयाची भाषा आहे. परंतु कोर्लईत मराठी आली तेव्हा ती लॅटिन आणि पोर्तुगीज यांच्या जागी आली. नौ लिंगला वेदीपाशी जागा पूर्वीही नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. ती चुलीपाशी, शेताच्या बांधावर आणि पाळण्यापाशी राहिली. घरातल्या भाषेला देवाघरी स्थान नाही असे मुलाला वाटले, की ते मोठेपणी ती आपल्या मुलांना देत नाही. मग नोकरीसाठी माणसे मुंबईकडे जातात, सोयरिकी बाहेर होतात आणि नातू मान न वळवता मराठीत उत्तर देतो.

हा प्रश्न एकट्या कोर्लईचा नाही. वसईत सामवेदी बोली आहे, वाडवळी आहे; मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत आपली वेगळी मराठी आहे. लग्नाच्या आदल्या दिवसाची गाणी त्या बोलींत आहेत, ओव्या त्या बोलींत आहेत, आणि मरणाच्या वेळी आईच्या तोंडून निघालेला येशूचा धावाही त्याच बोलींत आहे. "शुद्ध बोल" असे मुलाला सांगताना आपण त्याच्या हातून काय काढून घेत आहोत, याचा विचार प्रत्येक घराने करावा. प्रमाण मराठी त्याला शाळेत मिळणारच आहे. आजीची बोली आजीखेरीज कोणी देऊ शकत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि गोष्टी आज एखाद्या तरुणाला आपल्या फोनवर सहज उतरून घेता येतात. धर्मग्रामाच्या सणाला एखादे गीत, मुलांच्या मेळाव्यात एखादी गोष्ट, मिस्सेनंतर अंगणात चार शब्द. एवढ्यानेही त्या भाषेला मान मिळतो. कुड्याच्या वैद्याला आपल्या मुलामुलींची नावे दगडात कोरून घ्यावीशी वाटली, त्यामागची ओढ हीच होती: आम्ही येथे होतो, आम्ही सारे एका घरचे होतो.

बाजारात पोहोचलो तेव्हा आमच्या सोबत्यांनी पिशवी सावरली आणि रामराम केला. त्यांना बियाणे घ्यायचे होते. भाजीवालीशी ते मराठीत बोलले, भाव केला, हसले. तेवढ्यात कोर्लईहूनच आलेला कोणी ओळखीचा तरुण रस्त्यापलीकडून जाताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या भाषेत हाक मारली. तरुण थांबला, क्षणभर आमच्याकडे पाहून किंचित संकोचला, आणि मग त्याने त्याच भाषेत उत्तर दिले.